निवांत नोंद

केतकी म्हेत्रेला तिच्याच लॉकरने शनिवारी सकाळी साडेदहा वाजता परत पाठवलं. भोंगा वाजला नाही की कुणी धावत आलं नाही. तिने काचेच्या पाटीवर तळहात ठेवला, वीसेक सेकंद गेले, पाटीच्या कडेला तांबडी रेघ उमटली आणि खाली अक्षरं आली, 'आज नको. थोडं थांबून पुन्हा या.'

तिला हसू आलं. या कुलपाने एकदाही परत पाठवलं नाही असा माणूस अख्ख्या विट्यात शोधून सापडला नसता. एका नवरदेवाला ऐन लग्नाच्या सकाळी परत पाठवलं होतं, कारण स्वारी आनंदाने फारच फुलली होती. एका सराफाला लागोपाठ तीन कडक चहा पिऊन आल्याबद्दल घरी बसवलं होतं. पतसंस्थेने दाराशी एक बाक टाकला होता आणि बाकाशेजारी एका बाईने ताकाची गाडी लावली होती. ताक प्या, दहा मिनिटं बसा, मग आत जा, असा गावाचा रिवाजच पडून गेला होता. केतकीने ताक घेतलं, बाकावर बसली आणि अकरा वाजता पुन्हा आत गेली. पुन्हा तांबडी रेघ.

आता मात्र तिला हसू आलं नाही. लॉकरघर दीड वाजता बंद होणार होतं. उद्या रविवार. आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता कोल्हापुरात तिचे मूळ कागद तपासले जायचे होते. सोन्याचा कस तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत कनिष्ठ रसायनतज्ज्ञाची जागा होती. केतकी लग्नाआधी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. दोनदा परीक्षा देऊन ती हुकली होती, तिसऱ्यांदा यादीत नाव आलं होतं आणि येत्या ऑगस्टमध्ये तिची वयाची अट उलटत होती. सोमवार चुकला की पुन्हा असा सोमवार येणार नव्हता.

कुणी विचारेल, आजच्या काळात मूळ कागद कशाला? तर त्याचं असं झालं. मधल्या काही वर्षांत यंत्रं इतकी हुशार झाली की पडद्यावर दाखवायची कुठलीही गुणपत्रिका, कुठलाही शिक्का पाच मिनिटांत तयार व्हायला लागला. दहावी नापास डॉक्टर निघाले, कॉलेजचं तोंड न पाहिलेले इंजिनियर निघाले. शेवटी सरकारने हात टेकले आणि पुन्हा कागद मागायला सुरुवात केली. शाई तपासता येते आणि धागे मोजता येतात असा खराखुरा जुना कागद. लोकांनी माळ्यावरच्या ट्रंका धुंडाळल्या. केतकीला तिची फाईल धुंडाळावी लागली नाही. लग्नानंतर पहिल्याच संक्रांतीला सासूबाईंनी ती लॉकरमध्ये ठेवायला लावली होती. "कागद घरात कशाला, वाळवी लागती," असं त्या म्हणाल्या होत्या. म्हेत्र्यांच्या घराला वाळवी कधी लागली नव्हती, पण नव्या सुनेने ते कसं विचारायचं?

आता त्या कुलपाबद्दल. विटा हे गलाईवाल्यांचं गाव. इथले पुरुष पिढ्यानपिढ्या दूरदूरच्या शहरांत सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करतात. केतकीचा नवरा समरजित आणि सासरे दोघेही सेलमला होते, वर्षातून दोनदा घरी येत. घर, म्हातारी माणसं आणि दागिने बायकांच्या हवाली. त्यामुळे गावात चहाच्या टपऱ्यांच्या खालोखाल लॉकर. पुढे चेहरा, बोटाचा ठसा, आवाज या सगळ्यांची नक्कल व्हायला लागली. त्याहून वाईट म्हणजे चोर मालकालाच धरून आणू लागले, पुतणे म्हाताऱ्या चुलत्याला रिक्षात घालून आणू लागले. माणूस खरा, हात खरा, फक्त मर्जी त्याची नाही. तेव्हा हे नवं कुलूप आलं. त्याचं अधिकृत नाव स्वेच्छा-कुलूप. गाव त्याला मनकवडं म्हणतं.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. आपलं हृदय घड्याळासारखं एकसारखं चालत नाही. श्वास आत घेतला की ठोके किंचित जवळ येतात, सोडला की लांबतात. निवांत माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर असं सारखं हेलकावत असतं. धास्ती बसली की हे हेलकावे आखडतात, ठोके रांगेत उभे केल्यासारखे पडतात, बोटं गार होतात, तळव्याला बारीक घाम येतो. हे ठरवून करता येत नाही आणि ठरवून लपवताही येत नाही. काचेची पाटी तळहातावरून हे सगळं टिपते. शिवाय प्रत्येकाचा हेलकावा वेगळा असतो, म्हणून आधी ज्याची त्याची नोंद लागते. लॉकर घेताना पाच वेळा यायचं आणि पाटीवर हात ठेवायचा. त्या पाच खेपांची सरासरी म्हणजे त्या माणसाची 'निवांत नोंद'. पुढे दर वेळी यंत्र आजचा हात त्या नोंदीशी ताडून पाहतं. जुळलं तर हिरवी रेघ आणि दार उघडतं.

दिवसात तीन खेपा मिळतात. तिसरी खेप लॉकरघर सांभाळणाऱ्या मुल्ला मॅडमच्या समोर घ्यावी लागते. मॅडम पन्नाशीच्या. किल्ल्यांचे जुडगे कमरेला होते तेव्हापासून त्या या खुर्चीवर बसल्या होत्या आणि गावातल्या निम्म्या घरांची अंगठी-बांगडी त्यांना ठाऊक होती. त्यांनी केतकीला समोर बसवून घेतलं, पडदा आपल्याकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"मी घाबरलेय का हो आज?" केतकीने विचारलं. "मला तर तसं काही वाटत नाही."

"नाही, आज तू छान आहेस," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. "ही खालची रेघ आजची. वर जाते, खाली येते. निवांत माणसाची अशीच असते. खोट आहे ती वरच्या रेघेत."

वरची रेघ ताणून बांधलेल्या दोरीसारखी होती. तिच्या बाजूला लिहिलं होतं, 'केतकी समरजित म्हेत्रे, निवांत नोंद.'

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "नोंदीच्या पाच खेपांना तुझ्याबरोबर कोण आलं होतं?"

केतकीला आठवावं लागलं नाही. आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई. पहिल्यांदा अक्षय तृतीयेला, मग नणंदेच्या साखरपुड्याच्या वेळी, मग गौरी-गणपतीला, दिवाळीला आणि संक्रांतीला. दर वेळी आत्याबाई तिच्या पाठीमागे, दोन हातांवर उभ्या. नंतरही लॉकरला ती एकटी कधी आलीच नव्हती. खरं तर नियम होता की नोंद देताना माणसाने एकट्याने यावं. पण हा नियम जिथे कुठे बनला, तिथे माणसं लॉकरला एकटी जात असावीत. विट्यात लॉकर उघडणं हा घरचा कार्यक्रम. मुहूर्त बघायचा, नवी साडी नेसायची, दाराला हळदकुंकू लावायचं आणि सासूने सुनेला घेऊन जायचं. तिथे 'ताई, तुम्ही बाहेर थांबा' असं कोण म्हणणार? मॅडमही म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी ते आता कबूल केलं आणि चूक आपली आहे असंही म्हणाल्या.

"यंत्राला भीती कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "त्याला फक्त फरक कळतो. तुझी ती धास्तीच त्याने तुझी खरी ओळख म्हणून धरून ठेवलीय. आज तू मोकळी आलीस, तर त्याला वाटतंय, ही कुणी दुसरीच."

केतकी लगेच म्हणाली की आत्याबाई तशा नाहीत. तिच्या मैत्रिणींच्या सासवा बघितल्या तर आत्याबाई देवमाणूस. सहा वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, माहेरचं कधी काढलं नव्हतं. ती हे सगळं भराभर सांगत होती, आणि सांगता सांगताच तिला दिसत होतं की आपण घरी आत्याबाईंच्या बांगड्यांचा आवाज कुठून येतोय तिकडे कान लावून स्वयंपाक करतो. चोरून अभ्यासाला वाचनालयात जाताना पिशवीत भाजीची यादी ठेवतो. आत्याबाईंनी आमटी चाखली की त्यांचं 'हं' येईपर्यंत आपण श्वास घेत नाही. इतके दिवस याला ती मान ठेवणं म्हणत होती. तिला फार वाईट वाटलं, आणि ते कुणाबद्दल वाटतंय हे काही तिला नीट ठरवता येईना.

मग दोघी कामाला लागल्या. नवी नोंद करायची तर पाच खेपा पाच वेगवेगळ्या दिवशी. कुलूप तोडायचं तर समितीचा ठराव आणि आठ दिवसांची नोटीस. कंपनीला फोन लावला, तर तिकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की नोंद बाहेरून बदलता आली असती तर याला कुलूप कशाला म्हणायचं. तिचंही बरोबरच होतं.

"घाबरून बघतेस का?" मॅडमनी शेवटी विचारलं.

नोंदणीसाठी एक सुटी पाटी होती. तिच्यावर हात ठेवला तर खेप मोजली जात नसे. केतकीने डोळे मिटले आणि मन लावून घाबरायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी दूध उतू गेलं होतं ते आठवलं. वाचनालयातून परतायला पावणेआठ झाले होते, आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या आणि काहीच बोलल्या नव्हत्या, ते आठवलं. रेघ जराशी आखडली आणि पुन्हा सैल झाली. कसलंही निमित्त न सांगता ती आज सहा वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर पडली होती आणि तिच्या अंगाला ते मानवलं होतं. आता हुकमी भीती आणायची कुठून?

मॅडम म्हणाल्या की आता एकच उरलं, त्यांना घेऊन ये. मग टेबलावरचे कागद उगाच सारखे करत त्यांनी पुस्ती जोडली की लग्नसराई आहे, तुशी काढायचीय म्हणून सांग, बाकी काही बोलायची गरज नाही.

सल्ला पक्का होता आणि त्यातली मेख केतकीला घरी जाता जाता कळली. खोटं बोलून आत्याबाईंना आणलं, तर पकडलं जाण्याच्या भीतीने तिची रेघ आपोआप दोरीसारखी होणार आणि लॉकर उघडणार. खरं सांगितलं, तर काय होईल ते सांगता येत नव्हतं. कदाचित मन हलकं होईल आणि मग लॉकर उघडणारच नाही. खेप एकच उरली होती. तेव्हा खोटंच बोलायचं, असं ठरवून ती घरात शिरली.

आत्याबाई मागच्या सोप्यात चिंचा फोडत बसल्या होत्या. एका बाजूला टरफलं, एका बाजूला चिंचोके, मधे चिंचेचा गोळा. सगळं जागच्या जागी. अठ्ठावन्न वर्षांच्या या बाईने नवरा दहा-दहा महिने परगावी असताना दोन मुलं वाढवली होती, घराचा वरचा मजला चढवला होता आणि सुनेच्या नावावर स्वतंत्र लॉकर घेतला तेव्हा गावाने त्यांचं कौतुकही केलं होतं.

"लॉकरला गेलतीस म्हणं," त्या मान वर न करता म्हणाल्या. ताकवाली त्यांच्या माहेरची होती. "तुशी काढायची हुती का? सांगायचं न्हाई का, मी आले असते."

उत्तर त्यांनीच आयतं ताटात वाढून दिलं होतं. केतकीने नुसतं 'हो' म्हणायचं. अशी सोयीची उत्तरं तिने सहा वर्षं दिली होती. पण ती ताणलेली रेघ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि आणखी एक 'हो' तिच्या तोंडून निघेना.

"नाही," ती म्हणाली. "माझे कागद काढायचे होते."

मग तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. परीक्षा, यादी, सोमवार, कोल्हापूर. आत्याबाईंनी विचारलं की तिथंच राहणार का? तिने सांगितलं, आठवडाभर तिथे, शनिवारी इकडे. समरला माहीत आहे का? नाही, त्याला काहीही सांगितलं की तो म्हणतो आईला विचार. आत्याबाईंनी "हं" केलं आणि दोन चिंचा फोडल्या. इथवर केतकीला सगळं अपेक्षितच होतं. मग तिने लॉकर का उघडत नाही ते सांगितलं, आणि आत्याबाईंचा हात थांबला.

नोकरीचं त्या कदाचित पचवू शकल्या असत्या. हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

"माझ्या सासूनं मला उलथन्यानं मारलंय," त्या म्हणाल्या. "हा बघ, अजून डाग हाय. तवाच ठरवलं, आपल्या सुनंवर आवाज चढवायचा न्हाई. चढवला का कधी?"

"नाही."

"टाकून बोलले कधी?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही आवाज चढवत नाही, आत्याबाई," केतकी म्हणाली. "मी घासलेली भांडी तुम्ही परत घासता. मी झोपायला गेले की. मला आवाज येतो."

आत्याबाईंनी चिंचेचं ताट बाजूला सारलं, उठल्या, हात धुतले, पदराला पुसले. केतकीला वाटलं आता त्या खोलीत जातील आणि दार लावून घेतील, आणि मग सोमवारही गेला आणि सगळंच गेलं. पण त्या चपला घालायला लागल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "तुझी परीक्षा मागनं बघू. आधी माझी हूं दे. मी मागं हुभी ऱ्हाते. न्हाई उघडलं तर त्या यंत्राचं आन् त्या मुल्लाबाईचं काय ते मी बघते. आन् परत हे माझ्याम्होरं बोलायचं न्हाई."

स्कूटर आत्याबाईंनीच चालवली. मागे बसलेल्या केतकीच्या मनात हिशेब चालला होता. लॉकर उघडावा असं तिला वाटत होतं. तो उघडू नये असं पुढे बसलेल्या बाईला वाटत होतं, आणि ते नोकरीला खो घालण्यासाठी नव्हतं. आपण कुणाला धाकात ठेवलं नाही, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. दोघींपैकी एकीचं खरं होणार होतं. आणि आपण या बाईच्या विरोधात देवाला साकडं घालतोय याची केतकीला लाज वाटत होती, तरी साकडं घालायचं तिने काही थांबवलं नाही.

लॉकरघरात पोचल्या तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मुल्ला मॅडम दोघींचे चेहरे बघून समजायचं ते समजल्या. त्यांनी आत्याबाईंना खुर्ची दिली. आत्याबाईंनी घेतली नाही. नेहमी उभ्या राहायच्या तिथे, दोन हातांवर, त्या जाऊन उभ्या राहिल्या. केतकीने ओढणी सारखी केली, तळहात कोरडा केला आणि पाटीवर ठेवला.

काही सेकंद काहीच झालं नाही. केतकीच्या ध्यानात आलं की तिचा श्वास सुरळीत चाललाय. सांगून टाकल्याने तिला खरोखरच हलकं वाटत होतं. पाठीमागे आत्याबाई उभ्या होत्या आणि तरी ती बरी होती. म्हणजे हे उघडणार नाही. तिला धास्ती बसली, पण ती सोमवारची होती, आत्याबाईंची नव्हती, आणि असले बारकावे यंत्राला समजत असतील की नाही कोण जाणे.

आत्याबाईंनाही ते जाणवलं असावं. त्या एक पाऊल पुढे आल्या.

"निवांत हो, बाळा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी केतकीच्या पाठीवर हात ठेवला.

सहा वर्षांत त्यांनी तिला असं कधी म्हटलं नव्हतं, आणि नमस्काराला वाकल्यावर डोक्याला टेकवलेला हात सोडला तर कधी स्पर्शही केला नव्हता. हात ऊबदार होता, त्याला चिंचेचा वास होता. तो मायेनेच ठेवला होता, यात केतकीला तेव्हाही शंका नव्हती आणि पुढेही कधी आली नाही. तिला बरंच वाटलं. पण तिला बरं वाटायच्या आधी तिचे खांदे वर गेले होते, चपलेत बोटं आवळली होती आणि श्वास होता तिथे अडकला होता.

पाटीच्या कडेला हिरवी रेघ उमटली. दाराचा खटका पडला आणि लॉकर उघडला.

कुणीच पुढे झालं नाही. आत बांगड्यांचा डबा, तुशीची मखमली पेटी आणि खाली निळी फाईल, सगळं दिसत होतं. आत्याबाई आत बघत नव्हत्या. त्या हिरव्या रेघेकडे बघत होत्या. ती विझली तरी तिथेच बघत राहिल्या. मग त्यांनी पाठीवरचा हात काढून घेतला, अगदी हळू.

"उघडू नये असं वाटत हुतं मला," त्या म्हणाल्या.

'मलाही' असं केतकीला म्हणता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं. तिने पुढे होऊन फाईल काढली, उघडून पाहिली. दहावी, बारावी, बी.एस्सी., एम.एस्सी., सगळे कागद होते. तिला आनंद झाला. इतका झाला की तिचे डोळे भरून आले, आणि पाठीमागे उभ्या असलेल्या बाईकडे वळून बघायचं धैर्य तिला होईना. तिने लॉकरचं दार ढकलून लावलं आणि फाईल पिशवीत सरळ उभी ठेवली.

मुल्ला मॅडम कामाचं बोलल्या. ही नोंद आता रद्द करून टाकू, त्या म्हणाल्या, नाहीतर पुढच्या खेपेला पुन्हा हेच. पाच वेगवेगळे दिवस ठरवायचे. कोल्हापूरचं जमलं तर शनिवार-शनिवार करता येईल. आणि या वेळी नियमाप्रमाणे एकटीने यायचं.

"एकटी म्हणजे कसं?" आत्याबाईंनी विचारलं. त्या मॅडमशी बोलत होत्या, केतकीशी नाही. "मी हितं दाराबाहेर थांबले तर चालंल?"

मॅडमनी केतकीकडे बघितलं. केतकी खाली बघत होती.

"दाराबाहेर नको, ताई," मॅडम म्हणाल्या.

"मग रस्त्याच्या पलीकडं? तिथनं दिसत बी न्हाई हितलं."

"तुम्ही रस्त्यापलीकडे असलात तरी मला कळतं, आत्याबाई," केतकी म्हणाली. हे तिला त्यांना दुखवायला म्हणायचं नव्हतं. जे होतं ते तिने सांगितलं.

आत्याबाईंनी मान हलवली. एखाद्या दुकानात आधी न पटलेला भाव शेवटी पटावा तशी त्यांनी ती दोनदा हलवली. पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि स्कूटरची किल्ली टेबलावर केतकीच्या पिशवीशेजारी ठेवली.

"मग घरातच थांबते मी," त्या म्हणाल्या. "गाडी तुझ्याकडं ठेव. झेरॉक्सा काढायच्या असतील सगळ्याच्या, सोमवारच्याला."

आणि दुपारच्या दीडच्या उन्हात त्या चालत घरी निघाल्या.